कुंडीतला टाकळा

पावसाच्या दोन दमदार सरी पडून गेल्या की कोकणात गडग्याच्या कडेने, उकिरड्याभोवती, गोठ्यामागे आणि शाळेच्या पटांगणाच्या कोपऱ्यांत टाकळा उगवतो. तो कोणी पेरत नाही, त्याला कोणी पाणी घालत नाही आणि आठवड्याभरात तो इतका दाट होतो की खालची माती दिसेनाशी होते. विदर्भात त्यालाच तरोटा म्हणतात, आणि सोयाबीनच्या शेतात तो शिरला की शेतकरी कंबर मोडेपर्यंत उपटत राहतो. अशी ही वनस्पती पुण्यातल्या माझ्या गच्चीवर, कुंडीत, मुद्दाम लावण्यासाठी मी सलग दोन पावसाळे खटपट केली, हे सांगताना मला आजही थोडे हसू येते. पहिल्या वर्षी तर ती उगवलीच नाही, असे म्हटले तरी चालेल.

लावण्याचे कारण अगदी साधे होते. माझे बालपण चिपळूणजवळच्या एका खेड्यात गेले आणि टाकळ्याची भाजी खाल्ल्याशिवाय मृग नक्षत्र संपत नाही, ही समजूत माझ्या अंगात भिनलेली आहे. पुण्यात टाकळा मिळत नाही असे नाही. टेकडीच्या पायथ्याशी तो भरपूर दिसतो. परंतु तिथे कुत्री फिरतात, गाड्यांचा धूर बसतो, आणि जूनच्या अखेरीस कोणी तरी तणनाशक मारून जाते. अशा जागेवरची पालेभाजी घरी आणून शिजवण्याची हिंमत होत नाही. मंडईत कधी तरी जुडी दिसते, पण ती कुठून खुडून आणली आहे, हे विकणाऱ्या बाईला विचारून फारसे हाती लागत नाही. तेव्हा आपणच लावावा, असे ठरले.

लावण्याआधी मात्र ओळखण्याचा प्रश्न आला, आणि त्यात मी चांगलीच तोंडघशी पडले. टाकळा मला ओळखता येतो याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून टेकडीवरून मी पिवळ्या फुलांची आणि लांब शेंगांची दोन रोपे मुळासकट उपटून आणली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या मुळशी तालुक्यातल्या. त्यांनी पुडके उघडून एकच पान हातात घेतले आणि म्हणाल्या, "ताई, ह्यो टाकळा न्हाय. ह्यो कासविंदा हाय. पानाचं टोक बघा की." मी बघितले. टोक भाल्यासारखे अणकुचीदार होते. टाकळ्याच्या पानाचे टोक असे असूच शकत नाही, हे मलाही लहानपणापासून माहीत असायला हवे होते. पण खेड्यात टाकळा ओळखण्याची वेळच येत नाही, तो ज्या जागी असतो त्या जागीच खुडला जातो, आणि जागा बदलली की आपली ओळखही डळमळते.

कासविंदा हा टाकळ्याचा सख्खा नातेवाईक आहे. त्याचे शास्त्रीय नाव सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस, तर टाकळ्याचे सेन्ना टोरा. दोन्हींची फुले पिवळी, दोन्हींना लांब शेंगा, आणि दोन्ही पडीक जमिनीत एकमेकांच्या शेजारी उभे असतात. मात्र कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांमध्ये यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर एकदमच आघात करणारा एक आजार वर्षानुवर्षे दिसत होता, आणि पुष्कळ काळ तो विषाणूजन्य मेंदूज्वर समजला जात होता. तेथील डॉक्टरांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिले की त्याचे संभाव्य कारण कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाणे हे आहे. २०१६ मध्ये ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात शंभरावर बालके दगावली, तेव्हाही तपासासाठी नेमलेल्या तज्ज्ञांनी याच झाडाकडे बोट दाखवले. तिकडे त्याला 'बड चाकुंडा' म्हणतात. चाकुंडा म्हणजे टाकळा, आणि हा 'मोठा टाकळा'. नावातच घोटाळ्याची सोय आहे. म्हणून टाकळा सगळ्यांना ठाऊक असतो, त्यात काय ओळखायचे, असे कोणी म्हणाले की मी आता त्यांना थांबवते.

ओळख पटवण्यासाठी मी फुलाकडे सर्वांत शेवटी पाहते, कारण भाजी खुडायच्या दिवसांत फूल आलेलेच नसते. पहिले पाहायचे ते पान. टाकळ्याचे पान संयुक्त असते आणि त्यात पर्णिकांच्या बहुधा तीनच जोड्या असतात. पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद, गोलसर असते, म्हणजे उलट्या अंड्याच्या आकाराची. सर्वांत वरची जोडी आकाराने सर्वांत मोठी. कासविंद्यात जोड्या चार ते सहा, आणि प्रत्येक पर्णिका टोकाला निमुळती होत गेलेली. एवढ्यावरच निम्मे काम होते. उरलेले निम्मे काम एका बारीक ग्रंथीवर अवलंबून आहे. टाकळ्याच्या पानाच्या मधल्या दांडीवर, पर्णिकांच्या जोड्यांच्या बेचक्यात, नारिंगी-पिवळ्या रंगाचा, टाचणीच्या टोकापेक्षा किंचित मोठा असा एक उभा कण दिसतो. कासविंद्यात तशी ग्रंथी असते, पण ती पर्णिकांच्या मध्ये नसून पार खाली, देठ खोडाला मिळतो त्याच्या जवळ, काळपट आणि फुगीर असते. डोळ्यांनी नीट दिसत नसेल तर बोटाच्या टोकाने चाचपावे, खडबडीत लागते. या ग्रंथींतून गोड रस पाझरतो आणि त्यावर मुंग्या येतात, त्यामुळे मुंगी पानाच्या नेमक्या कोणत्या जागी घुटमळते आहे, यावरूनही झाड ओळखण्याचा खेळ मी नंतर पुष्कळदा खेळले.

पुण्याच्या आसपास आणखी एक तोतया भेटतो. त्याचे नाव सेन्ना युनिफ्लोरा. तो मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला असून आता दख्खनच्या माळांवर आणि रस्त्यांच्या कडेला पसरला आहे. दुरून तो टाकळाच वाटतो, कारण त्याच्याही पर्णिका गोलसर असतात आणि ग्रंथीही पर्णिकांच्या मध्येच असतात. परंतु त्याच्या कोवळ्या फांद्यांवर आणि कळ्यांवर सोनेरी-तपकिरी लव असते, हात लावला की मखमलीसारखी लागते, आणि शेंगा आखूड, चपट्या, जागोजागी चिमटा काढल्यासारख्या दबलेल्या असतात. टाकळ्याची शेंग याच्या अगदी उलट. ती वीतभर लांब, दाभणासारखी बारीक, काहीशी चौकोनी धारेची आणि कोयत्यासारखी किंचित वाकलेली असते, आणि खोडाजवळ लटकत राहते. कासविंद्याची शेंग चपटी असते, वरच्या दिशेला वळलेली, आणि तिच्या दोन्ही कडा फिकट असून मध्ये तपकिरी पट्टा असतो.

इथवर ओळख पटली तरी शास्त्रज्ञांचे समाधान होत नाही, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. लिनिअस याने १७५३ मध्ये आपल्या ग्रंथात कॅशिया टोरा आणि कॅशिया ऑब्ट्युसिफोलिया अशी दोन झाडे लागोपाठच्या पानांवर नोंदवली. पुढे बऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही दोन्ही एकच मानली, काहींनी वेगळी मानली, आणि जुन्या पुस्तकांत जिथे नुसते 'कॅशिया टोरा' असते तिथे नेमके कोणते झाड अभिप्रेत आहे, हे सांगणे कठीण होऊन बसले. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातील हॉवर्ड अर्विन आणि रूपर्ट बार्नेबी या दोघांनी १९८२ मध्ये अवाढव्य पसरलेल्या कॅशिया प्रजातीची, म्हणजे जवळच्या झाडांच्या त्या मोठ्या गटाची, फोड केली. बहावा कॅशियातच राहिला, तर टाकळा, तरवड आणि कासविंदा सेन्नामध्ये गेले. टाकळ्याला सेन्ना टोरा हे नाव मात्र त्याआधीच, रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १८३२ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात, मिळालेले होते. टोरा आणि ऑब्ट्युसिफोलिया या जोडगोळीतला फरक घरच्या घरी पडताळता येतो. टोरामध्ये सहसा दोन ग्रंथी असतात, एक सर्वांत खालच्या जोडीच्या मध्ये आणि दुसरी तिच्या वरच्या जोडीच्या मध्ये. ऑब्ट्युसिफोलियामध्ये सहसा खालची एकच. टोराच्या शेंगेचा देठ आखूड, जेमतेम सेंटिमीटरभर. दुसऱ्याचा त्याच्या दीडपट-दुप्पट. आणि बी भिंगाखाली धरले तर त्याच्या दोन बाजूंना जो फिकट पट्टा दिसतो, तो टोरामध्ये रुंद आणि दुसऱ्यात रेघेसारखा अरुंद असतो. माझ्या गावाकडून आलेल्या बियांवर रुंद पट्टा होता. भाजी खाणाऱ्याला या फरकाचे काही पडलेले नसते, हे मला मान्य आहे. पण मला तो पट्टा पाहून जो आनंद झाला तो मी नाकारणार नाही.

नावांचा विषय निघालाच आहे तर एक छोटे विषयांतर. सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींवर जो लॅटिन ग्रंथराज डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने सिद्ध केला, त्यात या झाडाचे नाव 'तगेरा' असे आले आहे. मल्याळममध्ये आजही त्याला तकर म्हणतात, तमिळमध्ये तगरै, कन्नडमध्ये तगचे. टाकळा हा शब्द या रांगेत उभा केला की तो परका वाटत नाही, आणि गोव्यातला तायकिळोही त्यांच्या शेजारी सहज उभा राहतो. संस्कृतात मात्र त्याची नावे वेगळ्या वळणाची आहेत: चक्रमर्द, प्रपुन्नाड, दद्रुघ्न. दद्रु म्हणजे गजकर्ण, आणि ते नाहीसे करणारा तो दद्रुघ्न. गजकर्णावर टाकळ्याचा पाला किंवा बी वाटून लावण्याची चाल आमच्याकडेही होती. चक्रमर्द या नावातही गजकर्णाच्या गोल चकत्याच अभिप्रेत आहेत, असे वैद्य सांगतात.

आता लावण्याविषयी. पहिल्या वर्षी गावाकडून आत्याने एका जुन्या औषधाच्या बाटलीत भरून बी पाठवले. बी देखणे असते: तपकिरी, चकचकीत, तिरप्या कापलेल्या दंडगोलासारखे, साधारण तांदळाच्या दाण्याएवढे पण जाडसर. ते मी हिवाळाभर आणि उन्हाळाभर स्वयंपाकघराच्या फडताळात जपून ठेवले आणि पावसाच्या तोंडाशी दोन कुंड्यांत मिळून चाळीस बिया टोचल्या. पाऊस झाला, ऊन पडले, पुन्हा पाऊस झाला, आणि जुलैच्या मध्यापर्यंत एकूण तीन रोपे वर आली. आत्याला फोनवर सांगितले तेव्हा ती खो खो हसली. "अगो, टाकळो कोण पेरता? तो आपणच येता," असे म्हणून तिने विषय संपवला. मी मात्र कुंडी उकरून उरलेले बी बाहेर काढले. ते जसेच्या तसे होते. महिनाभर ओल्या मातीत राहूनही ते फुगले नव्हते, मऊ झाले नव्हते, कुजलेही नव्हते. धुऊन पुसल्यावर पुन्हा पहिल्यासारखे चकाकू लागले.

त्या चकाकीतच सगळे उत्तर होते. टाकळ्याच्या बियांचे कवच पाणी आत घेत नाही. कवचाच्या बाहेरच्या थरात एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असलेल्या पेशींची भिंत असते, आणि ती जोवर कुठे तरी तडकत नाही तोवर आतल्या गर्भाला बाहेर पाऊस पडतो आहे याची वार्ताच पोचत नाही. शिंबावंत, म्हणजे शेंगा येणाऱ्या झाडांच्या, कुळात असे कठीण कवच पुष्कळ झाडांना असते. रानात ही भिंत ऊन तडकवते. डिसेंबर-जानेवारीत शेंगा उकलून बी उघड्या जमिनीवर पडते. मग चैत्र-वैशाखात दिवसा ती जमीन तापून निघते आणि रात्री निवते, हे दोन-तीन महिने रोज घडते, आणि पाऊस येईपर्यंत काही बियांच्या कवचाला फट पडलेली असते. सगळ्यांना पडत नाही. ज्यांना पडते त्या मृगात उगवतात, ज्यांना पडत नाही त्या पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षाची वाट पाहतात, आणि म्हणूनच शेतकऱ्याने एकदा टाकळा मुळासकट काढला तरी पुढच्या वर्षी तो पुन्हा हजर असतो. माझ्या बियांनी फडताळाच्या सावलीत वैशाख काढला होता. त्यांना ऊनच माहीत नव्हते.

दुसऱ्या वर्षी मी तीन वाटे केले, प्रत्येकी चाळीस बियांचे. पहिला वाटा तसाच ठेवला. दुसऱ्या वाट्यावर उकळून गॅसवरून उतरवलेले पाणी ओतले आणि ते आपोआप निवेपर्यंत, म्हणजे रात्रभर, बी त्यातच राहू दिले. तिसऱ्या वाट्यातले एकेक बी चिमटीत धरून पॉलिश पेपरवर एका बाजूने घासले, चकाकी जाऊन आतला फिकट रंग दिसेपर्यंतच, आणि मग साध्या पाण्यात भिजत घातले. घासताना बियांचे टोकदार टोक वाचवावे लागते, कारण अंकुर तिथून निघतो. हे काम कंटाळवाणे आहे. चाळीस बियांना मला पाऊण तास लागला आणि नखांची वाट लागली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घासलेल्या बिया भिजवलेल्या मटकीसारख्या दुपटीने फुगल्या होत्या. पेरल्यावर आठवड्याच्या आत त्यांतून तेहतीस रोपे वर आली. गरम पाण्याच्या वाट्यातून एकोणीस आली, तीही पुढे-मागे, दोन आठवड्यांत. तशाच ठेवलेल्या वाट्यातून दोन. ही माझ्या गच्चीवरची आकडेमोड आहे, तिला याहून जास्त वजन देऊ नये. प्रयोगशाळेत हेच काम तीव्र गंधकाम्लाने करतात, आणि ते घरी करण्याच्या फंदात कोणी पडू नये.

बी बोटाच्या पेराच्या निम्म्याइतके खोल, म्हणजे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, टोचावे. कुंडीला पूर्ण ऊन हवे. सावलीत टाकळा लांबडा आणि फिकट होतो. भाजीसाठी लावायचा असेल तर दाट पेरला तरी हरकत नाही, कारण तो वीतभर झाला की खुडायचाच असतो, पण बियांसाठी ठेवायच्या झाडाला एक मोठी कुंडी स्वतंत्र द्यावी. पाणी साचू देऊ नये. याखेरीज टाकळ्याची फारशी मागणी नसते, एक अपवाद सोडून, आणि तो अपवाद मला अनपेक्षित होता.

शेंगा येणारे झाड म्हणजे मुळांवर गाठी येणार, त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरणार आणि कुंडीतली माती आपोआप सुधारणार, असे मी धरून चालले होते. शाळेत आपण सगळे हेच शिकलो. ऑगस्टमध्ये एक झाड उपटून मी त्याची मुळे बादलीत हळुवार धुतली आणि भिंग घेऊन बसले. एकही गाठ नव्हती. शेजारच्या कुंडीतली तूर उपटून पाहिली, तर तिच्या मुळांवर गाठीच गाठी. मग वाचनात आले की सेन्ना प्रजातीतल्या झाडांना सहसा गाठी येतच नाहीत. १९८२ च्या त्या फोडीत वेगळी काढलेली कॅमिक्रिस्टा नावाची प्रजाती, जिची पाने लाजाळूसारखी बारीक असतात, तिला मात्र येतात. तेव्हा टाकळा हिरवळीचे खत म्हणून गाडला तर मातीला पालापाचोळा मिळतो, हे खरे. पण ज्या नत्रावर तो वाढला तो त्याच मातीतून घेतलेला असतो. माझी रोपे महिन्याभराने पिवळी का पडत होती, ते यावरून कळले. दोन ओंजळी शेणखत घातल्यावर आठ दिवसांत ती काळीभोर हिरवी झाली.

संध्याकाळी टाकळ्याकडे पाहण्यासारखे असते. दिवे लागणीच्या सुमारास पर्णिकांच्या जोड्या एकमेकींना चिकटून मिटतात आणि अख्खे झाड अर्ध्या आकाराचे दिसू लागते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते पाण्यावाचून सुकले असे वाटते, आणि माझ्या यजमानांनी खरोखरच एकदा त्याला रात्री नऊ वाजता तांब्याभर पाणी घातले.

सप्टेंबरच्या आसपास पानांच्या बगलेत, बहुधा दोन-दोन मिळून, फुले येतात. टाकळ्याचे फूल तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या फुलासारखे पतंगाच्या आकाराचे नसते. पाच सुट्या, थोड्या असमान पाकळ्या, तरवडाच्या फुलासारख्या, फक्त लहान. त्यात मध नसतो. येणाऱ्या माशीला देण्यासाठी त्याच्याकडे परागच असतात, आणि तेही परागकोशाच्या टोकावरच्या बारीक छिद्रातून झटकून काढावे लागतात. भुंगा-माशी फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवते, एक बारीक 'झुंई' असा आवाज येतो आणि पराग तिच्या पोटावर सांडतात. हा आवाज नेहमीच्या गुणगुणण्यापेक्षा चढ्या सुरातला असतो, एकदा कानात बसला की चुकत नाही.

त्याच सुमारास पानांवर हिरव्या अळ्या दिसू लागल्या. त्या पानाच्या मधल्या शिरेला समांतर निजतात आणि इतक्या बेमालूम दिसतात की मला आधी खाल्लेली पानेच दिसली, अळ्या नाही. कॉमन ग्रास यलो हे पिवळे चिमुकले फुलपाखरू आणि मॉटल्ड एमिग्रंट हे हिरवट-पांढरे, थोडे मोठे फुलपाखरू, ही दोन्ही टाकळ्यावर अंडी घालतात. एक कुंडी मी त्यांच्यासाठी सोडून दिली. त्यात माझा काही मोठेपणा नाही. तोवर भाजीचे दिवस सरलेलेच होते.

कारण भाजी खायची ती जून-जुलैमध्येच, कोवळी, फूल येण्याच्या पुष्कळ आधी. पुढे पाने चरबट आणि कडसर होतात, आणि त्यांतली रेचक द्रव्ये पोटाला जाणवतात. सोनामुखी ही याच प्रजातीतली, हे लक्षात ठेवले की पुरे. शेंडे आणि वरची कोवळी पाने खुडावी, चिरताना उग्र वास येतो त्याला घाबरू नये. आमच्याकडे तेलावर भरपूर लसूण आणि हिरवी मिरची टाकून, त्यावर कांदा परतून, भिजवलेली चण्याची डाळ घालतात, मग चिरलेला पाला, वाफ, मीठ, गुळाचा खडा आणि उतरवताना ओले खोबरे. पाला निम्म्याहून कमी होतो, म्हणून मीठ नेहमी शेवटी. गोव्यात तायकिळ्यात फणसाच्या आठळ्या घालतात, आणि ते मिश्रण मला आमच्या डाळीपेक्षा सरस वाटते. घरात हे मत उघडपणे मांडलेले नाही. चव मेथीच्या वळणाची, पण तिच्यापेक्षा गडद आणि किंचित मातकट.

बियांचा व्यापारही मोठा आहे, हे मला उशिरा कळले. बियांतल्या गरापासून कॅशिया गम नावाचा घट्टपणा आणणारा पदार्थ बनवतात. खाद्य-पदार्थांत मिसळायच्या द्रव्यांच्या यादीत त्याचा क्रमांक ४२७ आहे, आणि कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात तो वापरला जातो. त्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात एक अट आहे, जी वाचून मला आमच्या मावशी आठवल्या: त्यात कासविंद्याचे प्रमाण ०.०५ टक्क्यांहून कमी असले पाहिजे. म्हणजे ओट्यावर पुडके उघडून पानाचे टोक पाहण्याचेच काम तिकडे कोणी तरी पोत्यागणिक करत असणार. कोरिया आणि जपानमध्ये याच जोडगोळीतल्या बिया भाजून त्यांचा चहासारखा काढा पितात. मी दोन चमचे बी भाजून पाहिले. वास कॉफीच्या जवळ जातो, चव जात नाही.

कुंडीत टाकळा लावणाऱ्याने एक पथ्य मात्र पाळावेच. शेंगा पिवळसर तपकिरी होऊ लागल्या की त्या झाडावर उकलण्याआधी कापून घ्याव्या. एका शेंगेत वीस-पंचवीस बिया असतात आणि एका झाडावर अनेक शेंगा. त्या गच्चीवरून खालच्या बागेत गेल्या तर पुढची कित्येक वर्षे शेजारी आपली आठवण काढतील. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने गाजरगवताला दाबून टाकण्यासाठी टाकळ्याचे बी पसरण्याचा सल्ला दिलेला आहे, यावरून त्याच्या दाटीची कल्पना यावी. पडीक माळासाठी तो सल्ला उत्तम आहे. सोसायटीच्या हिरवळीसाठी नाही, आणि आमच्या अध्यक्षांना तो मी अजून सांगितलेला नाही.

गेल्या डिसेंबरात कापलेल्या शेंगांचे बी मी या वेळी फडताळात ठेवले नाही. निम्मे बी एका पसरट, बुडाला भोके असलेल्या मातीच्या थाळीत, मातीवर नुसते पसरून, वर बारीक जाळी बांधून गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्यावर ठेवले आहे. एप्रिल आणि मेचे ऊन ते तिथेच खाईल. उरलेले निम्मे आत्याच्याच बाटलीत आहे आणि पॉलिश पेपरचा नवा तुकडा तिच्याभोवती गुंडाळून ठेवला आहे.